चढणीची वाट

इंग्लंडच्या उत्तरेला, वेस्ट यॉर्कशरमधल्या हेबडन ब्रिज गावात एक जुना दगडी पूल आहे, साधारण 1510 च्या सुमारास बांधलेला. पूल ओलांडला की घडीव दगडांची एक अरुंद वाट सरळ डोंगर चढू लागते. तिचं नाव बट्रेस. वर ती हेप्टनस्टॉल या जुन्या विणकरांच्या गावाकडे जाते. धापा टाकत वर आलेले पाहुणे बहुतेक एकच प्रश्न विचारतात : खाली नदीकाठी रस्ता, रेल्वे, सपाट जागा सगळं असताना माणसांनी इतक्या उंचावर घरं कशाला बांधली?

त्याचं उत्तर असं की ही वाट हाच तेव्हाचा हमरस्ता होता. खाली दलदल आणि दाट झाडी होती. हॅलिफॅक्सहून बर्नलीकडे जाणारा माल याच वाटेने चढून डोंगरमाथ्यावरून पुढे जाई. आपल्याकडे लमाणांचे तांडे धान्य-मीठ घेऊन घाट चढत, तसे इथे तट्टांचे तांडे चालत. सर्वांत पुढच्या तट्टाच्या गळ्यात घंटा, आणि मागच्यांच्या पाठीवर लोकर, कापड, मीठ, चुना.

गेली बरीच वर्षं मी ही वाट आणि तिच्या माथ्यावरची गावगल्ली यांच्या इतिहासाचं काम करते आहे. पोटापाण्याची नोकरी औषधांच्या दुकानात. हे काम सुट्टीच्या दिवसांतलं, गावातल्या हौशी मंडळींबरोबरचं. जनगणनेची जुनी पानं उतरवून काढायची, खरेदीखतं धुंडाळायची, घरांची मापं घ्यायची, म्हाताऱ्या माणसांशी बोलायचं. त्यात पैसा नाही आणि घाई चालत नाही. पण या कामाने मला रस्त्याकडे बघायला शिकवलं, ते दुसऱ्या कशाने शिकवलं नसतं.

हेप्टनस्टॉलला येणारी माणसं साधारण दोन थडग्यांसाठी येतात. एक कवयित्री सिल्व्हिया प्लाथचं, 1963 मधलं. दुसरं डेव्हिड हार्टलीचं. सोन्याच्या नाण्यांच्या कडा कातरून त्या सोन्याची खोटी नाणी पाडणाऱ्या टोळीचा तो म्होरक्या. 1770 च्या एप्रिलमध्ये त्याला यॉर्कला फाशी दिली आणि इथे आणून पुरलं. आजही लोक त्याच्या दगडावर नाणी ठेवून जातात. एकाच आवारात दोन चर्च आहेत, त्याचंही सगळ्यांना अप्रूप : जुनं 1847 च्या वादळात खिळखिळं झालं, म्हणून शेजारी नवं बांधलं. हे सगळं बघण्यासारखं आहेच. पण माझा जीव अडकतो तो आवाराबाहेर, गल्लीत.

मी मूळची इचलकरंजीची. मागांच्या खडखडाटात वाढले. त्यामुळे इथल्या घरांच्या वरच्या मजल्यावर ओळीने लावलेल्या खिडक्या पाहिल्या, तेव्हा त्या कशासाठी हे कोणी सांगावं लागलं नाही. मधे दगडी उभे दांडे आणि दोन दांड्यांमध्ये काच, अशा चार-पाच किंवा त्याहून जास्त खिडक्या एकमेकींना लागून. खालच्या मजल्याला मात्र जेमतेम उजेड. राहायची खोली अंधारी आणि कामाची खोली उजळ, असा हिशेब माग असलेल्या घरातच असतो. ताण्यातला एक तुटलेला धागा शोधायचा तर उजेड हवा, आणि उत्तर इंग्लंडच्या हिवाळ्यात उजेड ही महागाची वस्तू. काही घरांना वरच्या मजल्यावर एक दार दिसतं. त्याला बाहेरून जिना नाही. लोकरीचे गठ्ठे दोराने वर घ्यायचे आणि विणलेलं कापड खाली सोडायचं, त्यासाठी ते दार. आता बहुतेक ठिकाणी तिथे काच बसवली आहे आणि आत कोणाचं तरी अभ्यासाचं टेबल असतं.

एका घराची मापं घेत असताना तिथल्या आजींना मी विचारलं, वरच्या खोलीतल्या तुळईला या खाचा कसल्या? त्या म्हणाल्या, “त्या पहिल्यापासून आहेत, लव्ह. आम्ही त्यांना टॉवेल अडकवतो.” या भागातली माणसं अनोळखी माणसालाही अशीच हाक मारतात. मी खाचांमध्ये बोटं घातली. कडा गुळगुळीत झाल्या होत्या. एखादं लाकूड वर्षानुवर्षं तिथे टेकून हादरत राहिलं असावं, असा तो झिजलेला भाग होता. तिथे माग होता असं लिहून ठेवणारा कागद आम्हाला आजवर मिळालेला नाही. आमच्या टिपणात त्या खाचांची रुंदी, खोली आणि खिडकीपासूनचं अंतर एवढंच लिहिलं आहे. अंदाज लिहायचा तर तो वेगळ्या रकान्यात लिहायचा, ही शिस्त मी इथेच शिकले.

कागदांची तऱ्हा वेगळी. या प्रदेशाचं नशीब असं की कागद भरपूर टिकले. वेकफिल्डच्या मॅनर (जहागिरी) न्यायालयाच्या गुंडाळ्या 1274 पासूनच्या आहेत. यॉर्कशरच्या वेस्ट रायडिंग या जुन्या विभागाची दस्तनोंदणी कचेरी 1704 मध्ये सुरू झाली, इंग्लंडमधली अशी पहिली. ती 1970 पर्यंत चालली. ते सगळं दप्तर आता वेकफिल्डच्या इतिहास केंद्रात ठेवलं आहे. तिथे पेन आत नेता येत नाही, फक्त पेन्सिल. जाडजूड वही फोमच्या उतरत्या उशांवर उघडायची, पान हलू नये म्हणून कापडात शिवलेल्या वजनांची माळ त्यावर ठेवायची आणि वाचत बसायचं. खरेदीखताचा तिथे गोषवारा असतो : कोणी, कोणाला, केव्हा, काय दिलं. शोध मुख्यतः माणसाच्या नावावरून घ्यावा लागतो, म्हणजे आधी मालक माहीत हवा आणि मग त्याचं घर सापडणार. ज्याच्या नावावर काही नव्हतं, तो या दप्तरात जवळजवळ नाहीच.

मॅनरच्या गुंडाळ्यांत मात्र गरीब माणसं भेटतात, कारण दंड सगळ्यांना होतो. कोणाची डुकरं मोकळी सुटली, कोणी वाटेवर शेणखताचा ढीग लावला, कोणी नियम मोडून बिअर गाळून विकली. बिअर गाळणं हे चौदाव्या शतकात बऱ्याच अंशी बायकांचं काम होतं. त्यामुळे या खोऱ्यातल्या कितीतरी बायकांची नावं केवळ त्या दंडापायी आपल्यापर्यंत आली आहेत. त्यांची मुलंबाळं, त्यांचे आजार यांतलं काही कोणी टिपलं नाही. चार पेन्सचा दंड तेवढा टिपला.

या सगळ्यात मला हलवून गेलेला कागद निराळाच आहे, आणि तो छापील आहे. 1555 मध्ये पार्लमेंटने हॅलिफॅक्सच्या लोकरीबद्दल एक कायदा केला. दलालांनी लोकर विकत घेऊन पुन्हा विकू नये अशी तेव्हा बंदी होती, हॅलिफॅक्सला त्यातून सूट हवी होती. का हवी, ते कायद्याच्या सुरुवातीलाच सांगितलं आहे. इथली जमीन नापीक. लोक कापड विणून जगतात. बहुतेकांना घोडा पाळणं परवडत नाही. म्हणून ते हॅलिफॅक्सच्या बाजारात येऊन एक-दोन, फार तर तीन-चार स्टोन लोकर घेतात आणि डोक्यावरून, पाठीवरून तीन ते सहा मैल लांब आपापल्या घरी नेतात. एक स्टोन म्हणजे सहा किलोंहून थोडं जास्त.

हे वाचेपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर घंटा वाजवत जाणारी तट्टंच होती. चित्रात तीच असतात, पर्यटकांच्या फलकांवरही तीच. तट्टं होतीच, ते खोटं नाही. पण त्यांच्यामागून, डोक्यावर लोकरीचा गठ्ठा घेतलेली माणसं चालत होती आणि ती घोडा न परवडणारी होती, हे कायद्याच्या प्रस्तावनेत लिहिलेलं आहे. त्यानंतर मी प्रत्येक कागदाला एकच प्रश्न विचारू लागले : या वाटेवरून ओझं कोणी वाहिलं? मालकी कोणाची होती, या प्रश्नाला उत्तर देणारे पुष्कळ आहेत. ओझ्याच्या प्रश्नाला कागद आडवळणाने उत्तर देतात, म्हणून तिथे वेळ द्यावा लागतो.

जनगणनेचंच बघा. 1841 पासून दर दहा वर्षांनी घरोघरची नावं आहेत. पण जुन्या पानांवर इथल्या घरांना क्रमांक नाहीत. नुसतं गल्लीचं नाव, ‘टाउनगेट’, ‘टाउनगेट’, ‘टाउनगेट’ असं खाली उतरत जातं. मग कुठलं कुटुंब कुठल्या घरात हे कसं ठरवायचं? आमच्या गटातल्या एका निवृत्त पोस्टमननी ते शिकवलं. ते म्हणत, मोजणीदार माणूस होता, त्याला पाय होते, तो कुठून तरी निघून कुठे तरी पोचला. पब शोधा. पबचं नाव जागा बदलत नाही. टाउनगेटवर व्हाइट लायन आणि क्रॉस इन आजही आहेत. पानावर पबचालकाचं कुटुंब सापडलं की एक खुंटा मिळाला. दुसरा सापडला की दोन खुंटे. मधली घरं मोजून जुन्या नकाशाशी ताडून बघायची, मोजणीदार डावीकडून गेला की उजवीकडून ते ठरवायचं. कधी जुळतं, कधी तीन कुटुंबं जास्त निघतात, कारण एकाच घराच्या तळघरात, मधल्या मजल्यावर आणि वर अशी वेगवेगळी बिऱ्हाडं होती. आज जिथे दोन माणसं राहतात तिथे एकेकाळी चौदा-पंधरा माणसं झोपत असत, हे अशा मोजदादीतून कळतं.

व्यवसायाच्या रकान्यावर मी फार वेळ घालवला आहे. एखाद्या घरात नवरा हातमागावर विणकर, तेरा वर्षांची मुलगी कापसाच्या गिरणीत, दहा वर्षांचा मुलगाही गिरणीत, आणि आईपुढे रकाना रिकामा. विणकराच्या घरात आई रिकामी बसलेली असू शकत नाही, हे माग पाहिलेल्या कोणालाही ठाऊक असतं. पिंजण, सूत भरणं, कांड्या करणं, तुटलेलं जोडणं. मागावर बसणारा एकटा दिसतो, त्याच्यामागे चार हात असतात. सूत हाताने कातत त्या काळात तर एका मागाला पुरेल एवढं सूत काढायला कितीतरी जणी लागत.

मग वाट उतरणीला लागली. 1760 च्या दशकात खोऱ्याच्या तळातून टोलचा रस्ता झाला. 1804 पर्यंत रॉचडेल कालवा पूर्ण झाला. 1841 मध्ये मँचेस्टर-लीड्स रेल्वे आली. या तिन्ही वाटा खालून, नदीच्या कडेने गेल्या, कारण चाकाला आणि होडीला सपाटी लागते. गिरण्यांना आधी पाणी हवं होतं, मग कोळसा. तेही खालीच. सोळाव्या शतकात हेप्टनस्टॉलला स्वतःचा कापड बाजार, क्लॉथ हॉल होता. तीनशे वर्षांनी तिथली मुलं पहाटे बट्रेस उतरून खालच्या गिरणीत जात होती. हमरस्त्याची मागची गल्ली झाली.

आणि त्यामुळेच ती टिकली, हे माझं ठाम मत आहे. पाहुणे म्हणतात, “किती जपलंय तुम्ही!” जपलं नाही कोणी. गावात पैसा आला असता तर घरं पाडून नवी बांधली गेली असती, दगडी चिऱ्यांवर डांबर पडलं असतं. पैसा खाली राहिला, वर गरिबी राहिली. 1960 च्या दशकापर्यंत तर खालचं गावही ओस पडू लागलं होतं. गिरण्या बंद पडत होत्या, घरं पाडायचे बेत होते. स्वस्त घरं बघून बाहेरची तरुण मंडळी आली आणि त्यांनी ती घरं डागडुजी करून राहती केली. त्यांचे उपकार आहेत. पण आज त्याच घरांच्या किमती गावातल्या मुलांना झेपत नाहीत आणि कित्येक घरं सुट्टीपुरती उघडतात. विणकराच्या घराला मोल आलं, तेव्हा विणकराचं खापरपणतवंड तिथून निघून गेलेलं होतं. हे लिहिताना मला त्रास होतो, पण या गल्लीचा इतिहास सांगायचा आणि हे गाळायचं, हे मला पटत नाही.

एक धागा थेट आपल्याकडे येतो. 1861 ची जनगणना 7 एप्रिलला झाली आणि पाचच दिवसांनी अमेरिकेत यादवी युद्धाची पहिली तोफ डागली गेली. दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी झाली, अमेरिकन कापूस येईना, लँकेशायरच्या आणि या खोऱ्यातल्या कापसाच्या गिरण्या थंडावल्या. तेव्हा मुंबई बंदरातून कापूस आला. त्यात खानदेश-वऱ्हाडचा माल होता, पण इथल्या बाजारात त्याला सरसकट ‘सुरती’ म्हणत. त्याचा धागा आखूड. सूत सारखं तुटे, आणि मजुरी कामाच्या मापाने असल्यामुळे तुटलेल्या सुतापायी मजुराच्या हाती कमी पैसे येत. त्याच काळात मुंबईत कापसावर गडगंज पैसा झाला आणि युद्ध संपताच 1865 मध्ये तो बुडालाही. इथल्या जनगणनेत यातलं काहीच दिसत नाही. 1861 चं पान युद्धाआधीचं, 1871 चं सगळं निवळल्यावरचं. मधली उपासमारीची वर्षं दोन पानांच्या मधल्या कोऱ्या जागेत गेली. मी ही दोन पानं शेजारी ठेवून मुलांना दाखवते आणि विचारते, 1861 मध्ये होतं आणि 1871 मध्ये नाही, असं कोणतं कुटुंब दिसतंय? मुलं झटकन बोट ठेवतात. ते कुटुंब कुठे गेलं, हे शोधायला मग आठवडे लागतात.

26 डिसेंबर 2015 ला कॅल्डर नदीला पूर आला. हेबडन ब्रिजमध्ये दुकानांत, घरांत पाणी शिरलं, खोऱ्यातला मुख्य रस्ता बंद झाला. त्या दिवशी माणसं कुठून गेली? वरून. डोंगरातल्या जुन्या रस्त्यांनी, आणि पायी जाणारी याच वाटेने. गावातले एक आजोबा दारात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा देत होते. मला म्हणाले, “जुनी माणसं इथे का राहत होती, ते आज सगळ्यांना दिसलं.” पुढच्या काही आठवड्यांत खालची कुटुंबं भिजलेले अल्बम घेऊन वर येऊ लागली. चिकटलेले फोटो ओढून सोडवायचे नाहीत. स्वच्छ गार पाण्यात ठेवून आपोआप सुटू द्यायचे आणि चित्राची बाजू वर करून वाळवायचे. वेळ नसेल तर गोठवून ठेवायचे. कोणाच्या तरी फ्रीजरमध्ये मटारांच्या पिशव्यांशेजारी लग्नाचे फोटो महिनाभर होते. वाळत घातलेल्या त्या फोटोंमध्ये आम्हाला लाकडी तळव्याचे, लोखंडी नाल मारलेले क्लॉग घातलेल्या मुली दिसल्या, गिरणी सुटल्यावरच्या गर्दीत उभ्या. ज्यांचे फोटो होते त्यांनाच आम्ही मागच्या बाजूला नावं लिहायला बसवलं. तोवर मुलाखतीला नाही म्हणणारी काही माणसं फोटो हाताळता हाताळता बोलू लागली.

सगळी बोलत नाहीत, आणि त्यांना बोलायला लावू नये. एका घराण्याच्या कागदांत आम्हाला लग्नाआधी झालेलं मूल आणि त्याच्या आईला गरीबखान्यात धाडल्याची नोंद मिळाली. घटना शतकापूर्वीची. तिची नात गावातच राहत होती. मी ती नोंद घेऊन तिच्याकडे गेले. तिने वाचली, घडी घालून परत दिली आणि म्हणाली, “माझ्या माघारी लावा.” ते पाकीट आमच्या कपाटात बंद आहे. अभ्यासकांना याची हळहळ वाटते. मला वाटत नाही.

आता वेळ कमी राहिला आहे, तो कागदांमुळे नव्हे, माणसांमुळे. 1931 ची जनगणना 1942 च्या आगीत जळून गेली. 1941 मध्ये युद्धामुळे झालीच नाही. 1951 ची शंभर वर्षांच्या नियमामुळे बंद आहे. म्हणजे 1921 नंतरच्या तीस वर्षांत या गल्लीत कोण राहत होतं, हे सांगायला 29 सप्टेंबर 1939 ला घरोघर केलेल्या नोंदणीची वही आणि माणसांची आठवण, एवढंच आहे. 1921 ची पानं 2022 मध्ये खुली झाली. त्यांत मालकाचं नाव आणि कामाची जागा विचारलेली आहे, त्यामुळे बट्रेस उतरून कोण कुठल्या गिरणीत जात होतं ते एकेक करून नकाशावर लावता आलं. 1939 च्या वहीत अजून हयात असू शकणाऱ्या माणसांवर काळी पट्टी आहे. बाकी बायकांपुढे ओळीने एकच मजकूर : बिनपगारी घरकाम.

गेल्या हिवाळ्यात नव्वदी ओलांडलेल्या एका आजींपुढे मी त्या वहीतल्या त्यांच्या लहानपणच्या घराचं पान ठेवलं. आईच्या नावापुढे तोच मजकूर होता. त्यांनी तो मोठ्याने वाचला आणि मान हलवली. आई कॉर्डुरॉयच्या विजारींना बटणं लावायची, म्हणाल्या. शिवलेल्या विजारींचे गठ्ठे खालून यायचे. चादरीत बांधलेला गठ्ठा सोमवारी वर आणायचा, गुरुवारी खाली पोचवायचा. मोठी बहीण पुढून धरायची, ह्या मागून, आणि बर्फ पडलं की दोघी दगडांवर बसून घसरत उतरायच्या. पैसे डझनावर मिळायचे. किती मिळायचे ते त्यांना आठवत नव्हतं, पण बटणं पत्र्याच्या कुठल्या डब्यात असायची ते आठवत होतं. आम्ही नोंदवहीतला मजकूर तसाच ठेवला आहे. शेजारच्या रकान्यात आजींनी सांगितलेलं लिहिलं आहे, त्यांचं वय आणि मुलाखतीची तारीख घालून. पुढच्या महिन्यात त्यांच्या धाकट्या चुलतबहिणीला भेटायचं आहे. ती त्याच ओळीत चार घरं पलीकडे राहत होती, आणि तिच्याही आईपुढे तोच मजकूर आहे.